शेठ, थोरली आणि धाकटी

शेठ गाडीत बसण्याआधी चप्पल काढायचे. गाडीत काढून पायाशी ठेवायचे असं नाही, तर बाहेर जमिनीवर, दाराशी, नीट जोडीनं. मग आत बसायचे, गाडी सुरू करायचे आणि निघून जायचे. चप्पल बिचारी पार्किंगमध्ये वाट बघत बसायची. शेठ जिथं जायचे तिथं अनवाणीच पोचायचे. खोपोलीच्या वडापाववाल्याकडे अनवाणी, पेणला भाच्याच्या साखरपुड्याला अनवाणी, एकदा तर तहसील कचेरीत साहेबांसमोर अनवाणी. साहेबांना वाटलं, माणसाचा काही नवस असेल. त्यांनी काम लगेच करून दिलं.

"देवळाच्या दारात काढायला इसरतील, पन गाडीच्या दारात नाय इसरनार," काकी म्हणायच्या. काकी म्हणजे शेठांची बायको. अर्ध्या रायगड जिल्ह्यात आमच्या घरच्या चपला पडल्यात, असा त्यांचा हिशेब होता आणि तो फारसा चुकीचा नसावा.

माझी त्यांची ओळख भाडेकरू म्हणून झाली. मी साताऱ्याहून नोकरीसाठी आले होते आणि एकट्या बाईला घर द्यायला पनवेलच्या खांदा कॉलनीत कुणी तयार नव्हतं. लग्न का नाही केलं, रात्री किती वाजता येणार, घरी कोण कोण येणार, असल्या प्रश्नांना मी विटले होते. शेठांनी एकच प्रश्न विचारला.

"गाडी येते काय?"

"नाही."

"मंग शिकायला लागल. खोली घ्या."

मला ती चेष्टा वाटली. पुढच्या रविवारी सकाळी दारावर थाप पडली तेव्हा कळलं की ती अट होती.

शेठ मूळचे जवळच्याच कोन गावचे. घरची भातशेती एक्सप्रेसवेखाली गेली, मोबदला आला आणि मग ते शेठ झाले. असे शेठ पनवेलमध्ये पुष्कळ आहेत. गळ्यात साखळी, पांढरी उंच गाडी, पुढे काचेवर आडनाव. आमच्या शेठांकडे यातलं काही नव्हतं. त्यांच्याकडे एक जुनी, चौकोनी, लाल रंग उडून विटकरी झालेली पेट्रोल गाडी होती. पाच गिअर, जड क्लच, एसी बंद. कधीकाळी त्या जातीच्या गाड्या रॅलीत धावायच्या म्हणे. शेठ तिला रोज स्वतः पुसायचे आणि दर रविवारी जुन्या हायवेनं खंडाळ्याचा घाट चढवून आणायचे. देवदर्शन नाही, नातेवाईक नाहीत, काही काम नाही. वर जायचं, चहा प्यायचा, खाली यायचं. एक्सप्रेसवेवर ते कधी जात नसत. जमीन गेली त्याचा राग असेल, असं समजून मी एकदा हळूच विचारलं.

"राग कसला?" ते म्हणाले. "वळनं नायत."

मला शिकवतानाही पहिलं वाक्य हेच होतं, "चप्पल काढ." मी बसले संकोचून. थंडगार पेडल तळव्याला लागलं आणि मला उगाच लाजल्यासारखं झालं.

"आता क्लच सोड. हलू हलू. खाली बघू नको! पायाकडं कोन बघतो? आपन चालतो तवा बघतो काय? हां. आता सांग, कुठं धरला?"

"काय धरला?"

"इंजिननं चाकाला कुठं धरलं? ते पायाला समजतं. तुझ्या पायाला इचार."

पहिले काही रविवार माझ्या पायानं काही सांगितलं नाही. गाडी गचके खाऊन बंद पडायची आणि मागचे हॉर्न वाजवायचे. शेठ खिडकीतून हात काढून त्यांना शांतपणे पुढं जा म्हणायचे. मला कधी रागावले नाहीत. मग एक दिवस कळंबोलीच्या पुलाच्या चढावर, पुढं कंटेनर थांबलेला, मागं एसटी चिकटलेली, मी क्लच सोडत होते आणि तळव्याखाली काहीतरी बारीक थरथरलं. मी म्हणाले, "धरलं." शेठ इतके खूश झाले की जणू मी त्यांच्या घरी नातवंडच आणून दिलं. त्या दिवशी काकींनी मला तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खायला घातली, आणि तेव्हापासून मी 'बाय' झाले. आगरी घरात लेकीला म्हणतात, ती बाय.

शेठांचं सगळं तत्त्वज्ञान तळपायात होतं. टायरमध्ये हवा कमी आहे, इंजिन तापलंय, रस्ता ओला आहे, पुढं डांबर संपून सिमेंट लागणार, सगळं त्यांना पायाला कळायचं. गिअरच्या बाजूला, पत्र्यावरच्या कार्पेटला डाव्या पायाची कड लागलेली असायची. त्या पत्र्याखालून सायलेन्सरचा पाइप जातो. घाट चढताना पत्रा किती कोमट झाला यावरून ते गाडीला दम खाऊ द्यायचा की नाही ते ठरवायचे. "ती सांगते ना," म्हणायचे, "आपन कशाला काट्याकडं बघायचं?" रेडिओ लावायला बंदी होती. घाटात बोलायलाही बंदी होती. मी दोन वळणं गप्प बसायचे आणि तिसऱ्याला काहीतरी बोलायचे, मग एक बोट वर व्हायचं.

त्यांना एकच मुलगा. त्याचा वाळू-खडी पुरवायचा धंदा, राहायचा तिकडे खारघरला. बाप-लेक एकमेकांशी फार बोलत नसत. पण बोलत तेव्हा गाड्यांवरच बोलत. मुलगा लहान असताना शेठ त्याला मांडीवर घेऊन शेताच्या बांधालगतच्या रस्त्यानं स्टिअरिंग धरायला द्यायचे, ही गोष्ट मी दोघांच्याही तोंडून ऐकली आहे. दोघंही ती अगदी तशीच सांगायचे. एवढं एकमत त्यांचं दुसऱ्या कशावर नव्हतं.

दिवाळीच्या पाडव्याला मुलगा नवी गाडी घेऊन आला. राखाडी, बुटकी, रुंद, उभी असली तरी पळतेय असं वाटणारी. क्लच नाही, गिअरचा दांडा नाही, बटणं. समोर टीव्हीएवढी काच. सगळी बिल्डिंग पार्किंगमध्ये जमली. काकींनी गाडीला ओवाळलं आणि शेठांकडे बघून म्हणाल्या, "घ्या, आली धाकटी. आता थोरली रुसंल."

"मंग तू कोन?" कुणीतरी विचारलं.

"मी मालकीन," काकी म्हणाल्या.

शेठांनी चप्पल काढली आणि बसले. शेजारी मुलगा, मागं मी. मुलानं एक बटण दाबलं, तशी गाडी एकदम गुरगुरायला लागली. जेएनपीटीच्या रस्त्यावर मोकळी जागा मिळाल्यावर तो म्हणाला, "पप्पा, आता दाबा पूर्ण." शेठांनी दाबलं. माझं डोकं मागच्या सीटला आपटलं आणि पोटातली करंजी गळ्याशी आली. मला तर ती गाडी विलक्षण वाटली. वळणावर स्वतःला सावरून घेत होती, रस्त्यावरचा पांढरा पट्टा ओलांडला तर स्टिअरिंग हळूच सरळ करत होती.

परत आल्यावर शेठ उतरले. त्यांनी बॉनेटला कान लावला. मग आत वाकून दाराला कान लावला.

"आवाज तर हितनं येतोय."

"हो पप्पा, स्पीकरमधून येतो. इंजिन तसं शांत असतं ना, म्हणून."

"म्हंजे हळदीला बेंजो बोलवला नाय, मोबाईल लावला."

सगळे हसले. मुलगाही हसला. मग त्यानं विचारलं, "पण चालवायला कशी वाटली?" सहज विचारल्यासारखं दाखवलं, पण तो उत्तरासाठीच आला होता हे मलासुद्धा दिसत होतं.

शेठ खोटं बोलत नसत. निदान गाडीच्या बाबतीत तरी नाही. म्हणाले, "पलते झकास. पाठीत धपाटा पन मारते. पन सांगत काय नाय. पायाला काय लागतच नाय रं. मुकी हाय."

मुलानं मान हलवली. किल्ली खिळ्याला अडकवली, फराळ केला आणि टॅक्सी मागवून गेला. गाडी वडिलांसाठीच घेतली होती, ती ठेवून गेला. नंतर तो यायचा तेव्हा गाडीचा विषय काढत नसे. मग बोलायला काही उरलंच नाही. दोघं टीव्हीवरच्या बातम्या बघायचे.

पार्किंगमध्ये मात्र शेठांचा विजय झाला होता. रविवारी घाटातून आलो की बिल्डिंगमधले गाडीवेडे जमायचे आणि हाच विषय निघायचा. हल्लीच्या गाड्यांत ताकद आहे, पण मजा नाही. सगळं गाडीच करते, मग माणसानं काय करायचं? शेठ म्हणाले होते तेच खरं, मुकी आहे. या वाक्याची पुढं आमच्या बिल्डिंगमध्ये म्हणच झाली. लिफ्ट बंद पडली तरी लोक म्हणायचे, मुकी आहे.

त्यानंतर एकदा घाटातून उतरताना शेठ स्वतःशीच पुटपुटले, "थोरली पन हल्ली अबोला धरते." मला वाटलं, कौतुकानं म्हणतायत. त्यांनी क्लचप्लेट बदलून घेतली. मेकॅनिक म्हणाला, जुनी चांगली होती की शेठ. मग पेडलवरचं रबर काढून टाकलं. मग पायाखालची मॅट. शेवटी एका दुपारी ते गाडीत उकिडवे बसून आतलं कार्पेट आणि त्याखालचा जाड नमदा सुरीनं कापून काढत होते.

"हे काय चाललंय?"

"मधे लय कापडं हायत, बाय. आवाज पोचत नाय."

खाली नुसता पत्रा राहिला. शेठांचं समाधान झालं. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. विक्षिप्त माणसाचं हेच असतं. त्यानं काहीही केलं तरी आपण म्हणतो, ते तसेच आहेत.

त्याच उन्हाळ्यात, मे महिन्यातल्या एका रविवारी, आम्ही घाट चढून उतरून आलो. मी वाटेत दोनदा पाय वर घेतला होता, कारण माझ्या बाजूचा पत्राही चटका देत होता. शेठ मजेत होते. उतरून त्यांनी नळावर पाय धुतले आणि जिन्याकडे निघाले. मी मागून येत होते. फरशीवर ओला पाय उमटत होता आणि त्यात गुलाबी पाणी होतं.

"शेठ, तुमचा पाय!"

ते पायरीवर बसले आणि डावा पाय मांडीवर घेतला. कडेची सगळी कातडी फुगून एका ठिकाणी फाटली होती. भाजलं होतं. चांगलंच खोल भाजलं होतं. शेठ मात्र दुसऱ्याच कुणाचा पाय बघावा तसे बघत होते.

"हे कदी झालं?" त्यांनी मला विचारलं.

त्यांनी अंगठ्यानं जखमेवर दाबलं. मग पाय माझ्याकडे केला.

"बाय, जरा तू दाब."

मी नको नको म्हणत, जखम टाळून शेजारी बोट टेकवलं. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "दाब की."

मी दाबलेलंच होतं.

शेठांना साखर होती हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण कोकणात साखर कुणाला नसते, असं म्हणून गोळी आठवली तर घेतली जायची. आता दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि एक बारीक नायलॉनचा दोरा तळव्यांना टोचून बघितला. लागलं की हो म्हणायचं. शेठ डोळे मिटून परीक्षेला बसल्यासारखे ताठ बसले होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "करा की सुरू."

डॉक्टरांचं दोन्ही पायांवर करून झालं होतं.

ते म्हणाले, हे काही आजचं नाही. नसा हळूहळू जातात, वर्षानुवर्षं. माणसाला कळतही नाही. शेठांनी विचारलं, "दिवाळीला पन नव्हतं काय?"

"कुठल्या दिवाळीला?"

"गाडी आली तवा."

डॉक्टरांना काही समजलं नाही. मला समजलं, आणि तिथून उठून जावंसं वाटलं. घरी येताना थोरली मी चालवत होते आणि शेठ बाहेर बघत होते. मग म्हणाले, "पोरगा येवढ्या हौसेनं घेऊन आला. मी चार मान्सांत त्याची गाडी मुकी ठरवली."

मी त्यांची समजूत काढायला काहीबाही बोलले. पण खरं सांगायचं तर मला आजही याचा निवाडा करता येत नाही. मी दोन्ही गाड्या चालवल्या आहेत. नव्या गाडीत पायाला कमीच कळतं, हे मी शपथेवर सांगेन. तिच्यात मजा आहे, पण ती थोरलीसारखी अंगात शिरत नाही. पण त्या पाडव्याला शेठांना जी शांतता जाणवली, तिच्यातली गाडीची किती आणि पायाची किती, हे आता कोण सांगणार?

जखम भरली नाही. पावसाळ्यात डावा पंजा काढावा लागला. टाच राहिली. दवाखान्यातून आणलं तेव्हा काकींनी थोरलीवर आच्छादन घातलं आणि ती बाई पहिल्यांदा माझ्यासमोर रडली. क्लच दाबायला पंजा लागतो, हे काकींना कुणी सांगायची गरज नव्हती. शेठ प्लास्टिकच्या खुर्चीवर पार्किंगमध्ये बसायला लागले. डॉक्टरांनी दिलेला जाड बूट पायात, काठी मांडीवर. रविवारी गाडीवेडे येत, पण बोलणं गाड्यांवर जात नसे. पाणी आलं का, सोसायटीची निवडणूक कधी, असलं काहीतरी बोलत. शेठ उत्तरं देत. त्यांच्या तोंडी असली उत्तरं ऐकून मला गलबलून यायचं.

दसऱ्याच्या सुमाराला मुलगा आला आणि बऱ्याच महिन्यांनी त्यानं खिळ्यावरची किल्ली काढली.

"पप्पा, या गाडीत डाव्या पायाचं कामच नाही."

काकी म्हणाल्या, डॉक्टर नको म्हणालेत. मीही म्हणाले की उजवा पायही तसाच आहे. तो म्हणाला, मोकळ्या रस्त्यावर फक्त, एकच चक्कर, आणि काही झालंच तर गाडी आपली आपण थांबते. तो हट्ट करत नव्हता. गयावया करत होता. वडिलांना खुर्चीत बसलेलं त्याला बघवत नव्हतं. शेठांनी त्याच्याकडे पाहिलं आणि उठले. म्हणाले, "तू थांब हितं. बाय येईल."

सकाळची वेळ होती. उलव्याच्या बाजूच्या नव्या, रुंद, रिकाम्या रस्त्यांवर आम्ही गेलो. तिथवर मी नेली, मग जागा बदलली. शेठ उजवीकडे बसले, पट्टा लावला, आरसे जुळवले. हात स्टिअरिंगवर ठेवले तेव्हा त्यांचा चेहरा कितीतरी महिन्यांनी पूर्वीसारखा दिसला. गाडी निघाली. छान चालवत होते. हळू, पण वळणाची ओळ तीच, घाटातली. मीसुद्धा जरा सैल झाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

दुभाजकाच्या फटीतून एक मासेवाली डोक्यावर पाटी घेऊन रस्त्यात आली. "शेठ!" मी ओरडले. "हां," ते अगदी शांतपणे म्हणाले. पट्टा माझ्या छातीत रुतला, डॅशबोर्डवरची टीव्हीएवढी काच लाल झाली, काहीतरी टिंटिं वाजलं आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. बाईच्या आणि आमच्या मध्ये हातभर अंतर होतं.

"डोलं फुटलं काय रं?" ती किंचाळली. मग आत म्हातारा माणूस बघून तिनं पाटी सावरली आणि बडबडत निघून गेली.

शेठांनी खाली वाकून आपल्या पायाकडे पाहिलं. मीही पाहिलं. पाय ॲक्सिलरेटरवर होता.

"बाय, मी ब्रेक दाबला व्हता ना?"

मला हो म्हणता आलं असतं. पण ज्यांनी मला गाडी शिकवली, त्यांच्याशी गाडीबद्दल खोटं बोलायला जीभ रेटेना.

"नाही शेठ. गाडीनं दाबला."

त्यांनी बटण दाबून गाडी बंद केली. मग "बरं," म्हणाले, दार उघडलं आणि टपाचा आधार घेत घेत डावीकडे आले. मी गाडी परत आणली.

मुलगा फाटकातच उभा होता. गाडी मी चालवत आणतेय हे बघून त्याचा चेहरा उतरला. शेठ माझ्या दंडाला धरून उतरले. त्यांची बोटं इतकी घट्ट रुतली होती की वळ दुसऱ्या दिवशीही होते.

"कशी वाटली, पप्पा?"

"चांगली हाय," शेठ म्हणाले. "तवा मी उगाच बोललो तुला. लय चांगली गाडी हाय रं. बघ, मी दमलो तर मना सांबालून घेऊन आली."

मुलगा लहान पोरासारखा हसला. त्यानं आधी काकींना हाक मारली, मग वॉचमनला सांगितलं, मग फोनवर बायकोला सांगितलं की पप्पांना गाडी आवडली. पुढं कितीतरी दिवस तो भेटेल त्याला हेच सांगत होता. शेठ शेजारी बसून मान हलवायचे.

त्या सकाळनंतर शेठ कुठल्याही गाडीच्या उजव्या बाजूला बसले नाहीत. मुलगा दर आठवड्याला येऊन विचारायचा, पप्पा, चक्कर मारायची? ते दर वेळी म्हणायचे, "आज नको रं. तू चालव, मी बसतो." आणि तो चालवायचा, बापाला दाखवत, अगदी मन लावून.